अप्पांना गळका हौद पाहिजे होता

अप्पांनी मला सगळ्या ओळखीत एकच काम सांगितलं, आणि तेवढंच मी वाईट केलं. म्हणजे तसं चांगलंच केलं होतं. ते कसं, तेच सांगायला बसलोय.

मी गवंडीकामाचा मिस्त्री. चौथीत शाळा सोडली, कारण फळ्यापेक्षा फळ्यामागची भिंत वाकडी आहे याच्याकडंच माझं ध्यान जायचं. पुढं चाळीस-पंचेचाळीस वर्षं लातुरात हौद आणि टाक्या बांधल्या. नळाची वाट बघण्यात माणसांची उमर जाते असं हे गाव. इथं टाकी गळाली तर माणूस मिस्त्रीच्या घरी येऊन पिढ्या उद्धारतो. माझ्या दारात असा कुणी आला नाही. माझ्या हातचा एक हौद गळताना दाखवा, मिशी उतरवून देतो. हे मी पहिल्या भेटीत अप्पांना सांगितलं, तर त्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, जसा मी काही आजार सांगितला.

अप्पा सरकारच्या पाण्याच्या खात्यातून रिटायर झालेले. विहीर कुठं खोदायची, बोअर कुठं मारायची, ते शेतात फिरून सांगायचं, ही त्यांची नोकरी. चाकूर, उदगीर, देगलूर, भोकर, सगळा मुलूख पायाखालून गेलेला. घर मूळचं उदगीरकडचं, घरात कानडी. मराठी आपल्यासारखी बोलायचे, पण 'नाही' म्हणायची वेळ आली की मराठी सोडायचे आणि 'इल्ला' म्हणायचे. त्यांच्या नोकरीत हा शब्द लई लागला. चाकूरपासून भोकरपर्यंत कितीतरी शेतकऱ्यांना कानडी येत नाही, पण तेवढा एक शब्द येतो. अप्पा बांधावर उभे राहायचे, मातीचा गोळा करायचे, हुंगायचे, आणि म्हणायचे, "इल्ला." शेतकरी मशीन परत पाठवायचा. त्यांच्या 'इल्ला'वर लोकांचा एवढा भरवसा होता.

आता सवयी सांगतो. पँट कायम गुडघ्यापर्यंत दुमडलेली. पुतणीच्या लग्नात स्टेजवर फोटोला उभे राहिले तेव्हाही तशीच. व्याह्यांनी विचारलं, तर म्हणाले, जमिनीचा भरवसा नाही. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी ओल्या मातीचा गोळा, कॅरीबॅगमध्ये गुंडाळून. कुणाच्या घरी गेले की आधी कुंडीतली माती दाबून बघायचे, मग चहा घ्यायचे. माती पटली नाही तर चहा ठेवून उठायचे, आणि घरच्या बाईला वाटायचं साखर कमी पडली.

झाडाला, गवताला ते अहोजाहो करायचे. "लव्हाळे अजून रुसलेत," "वेखंड आज जरा बरे दिसतात," असं. आणि कॉलनीचे चेअरमन, ज्यांची डाळमिल आहे आणि ज्यांच्यापुढं सगळे वाकून बोलतात, त्यांना अरेतुरे. चेअरमनला त्यांनी चड्डीत फिरताना बघितलेलं, ते त्यांच्या डोळ्यांपुढून कधी गेलंच नाही.

कॉलनीच्या ग्रुपवर लोक सकाळी फुलांचे, देवाचे फोटो टाकतात. अप्पा चिखलाचा टाकायचे. खाली लिहायचे, शरणार्थ. त्यांच्यात नमस्काराला तसंच म्हणतात. पण चिखल कुठला, कशाला, काही नाही. नुसता चिखल आणि शरणार्थ.

हे चिखलाचं येड कुठून आलं, ते मी एकदा विचारलं. म्हणाले, "मिस्त्री, तीस वर्षं लोकांना न्हाई न्हाई म्हणत फिरलो. आता एक जागा अशी करायची, की जिथं हात घातला की ओलं लागलंच पाहिजे."

तर ती जागा. आमच्या कॉलनीच्या ओपन स्पेसमध्ये फिल्टरच्या पाण्याचा प्लँट आहे. चांगलं पाणी जारमध्ये जातं आणि वाया जाणारं मागच्या खड्ड्यात. त्या खड्ड्यात डास, डुकरं आणि वास. चेअरमन म्हणत होते मुरूम टाकू, वर पेव्हर ब्लॉक बसवू, गाड्या लावायला जागा होईल. अप्पा म्हणाले, इथं चिखलाची बाग करू. इंग्रजीत तिला काही नाव आहे. त्यांनी मला सांगितलं होतं, मी ठेवून घेतलं नाही. बाग म्हणजे अशी, की पाणी साचलेलं दिसायचं नाही पण माती बारा महिने ओली. तिच्यात ओल्यात जगणारीच झाडं लावायची. पाणी वाया जात नाही, डास होत नाहीत, डोळ्याला हिरवं.

त्याची मीटिंग अप्पांनी त्या खड्ड्यातच घेतली, चिखलात उभं राहून. त्यांचं म्हणणं, खुर्चीवरची मीटिंग दोन तास चालते, चिखलातली दहा मिनिटांत उरकते. चेअरमन पांढऱ्या कपड्यात आले, चिखल बघितला आणि एक वीट टाकून तिच्यावर उभे राहिले.

अप्पा म्हणाले, "विटंवर उभं ऱ्हायचा मान एकालाच हाय. तू खाली उतर."

सगळे हसले. चेअरमन उतरले, त्यांचा बूट आतच राहिला, आणि बूट काढायच्या गडबडीत त्यांनी एक वर्षाची परवानगी देऊन टाकली. एक वर्षात बाग दिसली पाहिजे, नाहीतर मुरूम.

श्रमदानाला शेवटी आम्ही चारच उरलो. अप्पा, मी, पापड करणाऱ्या अक्का, आणि पोस्टातून रिटायर झालेले काका. अक्कांना झाडांची हौस. काकांना कसलीच हौस नव्हती, पण रविवारी सकाळी घरात बसवत नाही म्हणून यायचे. प्रत्येक झाडाला नंबर पाहिजे हा त्यांचा हट्ट. नंबर नसलेल्या वस्तूला हात लावायची त्यांना सवयच नव्हती.

झाडं आणायला अप्पा मला भोकरच्या बाजूला घेऊन गेले. तिकडच्या एका ओढ्यात नोकरीच्या दिवसांत बघितलेलं वेखंड आहे म्हणाले. होतं. आम्ही मुळांसकट काढलं, आणि तेलाच्या दोन रिकाम्या डब्यांत तिथलाच चिखल भरून त्याच्यात ठेवलं. नांदेडला गाडी बदलली. लातूरच्या गाडीत कंडक्टरनं डब्यांवर पाय ठेवून विचारलं, "डब्यात काय हाय?"

"चिखल," अप्पा म्हणाले.

"आणि?"

"आणि काही न्हाई. चिखलच."

"तो दिसायलाय हो. कुठं चाललाव घेऊन?"

"लातूरला."

सगळी गाडी वळून बघायला लागली. मागून एक बाई म्हणाली, "लातूरला न्यायचं तर पाणी तरी न्या, बाबा."

अप्पा उठून उभे राहिले आणि सगळ्या गाडीला सांगितलं, "पाणी नेलं तर चोरीला जातं. चिखल आजवर कुणी चोरलेला न्हाई." कंडक्टरनं पाय काढून घेतला. पुढं लोह्यापर्यंत मी खिडकीतून बाहेर बघत बसलो, जसा मी एकटाच प्रवास करून राहिलो.

आता मुख्य काम. खड्डा कंबरभर खोल करून घेतला. तळाला शेततळ्याचं जाड प्लास्टिकचं कापड टाकायचं, वर खडी, खडीवर माती आणि शेणखत. इथवर मला समजलं. मग अप्पा म्हणाले, "मिस्त्री, कापडाला हातभर अंतरावर भोकं पाडा. बोटाएवढी."

मी म्हटलं, "भोकं पाडायची तर कापड कशाला टाकायचं?"

"भोकं पाडायला."

"अप्पा, मी थट्टा ऐकून घेणारा माणूस न्हाई."

"थट्टा न्हाई हो. कापड नसलं तर सगळं पाणी जातं. भोकं नसली तर सगळं ऱ्हातं आणि मुळं सडतात. आपल्याला थोडं थोडं जाणारं पाहिजे. खाली मुरूम हाय, तो सावकाश पिऊन घेतो."

"म्हणजे हौद गळका पाहिजे."

"हाव. पण बेतानं गळका."

मला रात्रभर झोप आली नाही असं म्हणत नाही, पण जेवण गेलं नाही. ज्या माणसानं हयातभर पाण्याचा थेंब बाहेर जाऊ दिला नाही, त्याला भोकं पाडायला सांगायचं. आणि तेही बेतानं.

त्याच आठवड्यात अप्पा डोळ्याच्या ऑपरेशनला मुलीकडं हैदराबादला गेले. तीन आठवडे यायचे नव्हते. जाताना म्हणाले, "कापड टाकून ठेवा, भोकं इसरू नका." मी विसरलो नाही. मी काय केलं, आधी तळाला चार इंच सिमेंटचा कोबा टाकला, बाजूंनी काठापर्यंत प्लास्टर चढवलं, वॉटरप्रूफिंगचा डबल माल घातला, सात दिवस पाणी मारलं. मग वरून काठ झाकेल असं कापड टाकलं आणि त्याला हातभर अंतरावर बोटाएवढी भोकं पाडली. एक कमी नाही, एक जास्त नाही. भोकं त्यांची, तळ माझा. दोघांचंही राहिलं असं मला वाटलं.

अक्का रोज बादलीनं पाणी आणून देत होत्या आणि काका खुर्ची टाकून पेपर वाचत होते. दोघांनाही नवल वाटलं नाही. लातुरात खड्ड्याला कोबा टाकताना बघून कुणाला नवल वाटेल? गळका पाहिजे हे अप्पांनी फक्त मलाच सांगितलं होतं. उलट कापडच कशाला, असं अक्का एकदा म्हणाल्या.

अप्पा काळा चष्मा लावून परत आले तोवर वर खडी पडली होती. भोकं पाडली का, एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मोजून पाडली. खोटं काय बोललो? माती भरली, वरून फूटभर जागा सोडली, आणि पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही चौघं गुडघाभर चिखलात उतरलो. वेखंड, अळू, ब्राह्मी, कर्दळ, लव्हाळे. काका प्रत्येकाला नंबरची पट्टी बांधून जागेवर पोचवत होते, जसं रजिस्टर पोस्ट. अक्कांचं जोडवं चिखलात गेलं. अक्का चाचपायला लागल्या, तर अप्पा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या अक्का, आता उकरू नका, मंडळी झोपून राहिली." मंडळी म्हणजे ब्राह्मी. अक्कांनी नवऱ्याला काय सांगितलं ते मला माहीत नाही.

पाऊस आला. बागेत पाणी भरलं, आणि जे भरलं ते भरलं. मातीच्या वर फूटभर, स्वच्छ, आरशासारखं. माती बसली, पाणी उभं राहिलं. अळू पिवळा पडला, ब्राह्मी विरघळली, वेखंड सडून वास सुटला. दिवाळी गेली, संक्रांत गेली. मध्ये महिनाभर फिल्टरची मशीन बंद पडली, वरून पाणी येणं थांबलं, तरी ते दोन बोटांच्या वर उतरलं नाही. तेवढं उन्हानंच गेलं असणार. मी रोज सकाळी जाऊन कडेला उभा राहायचो. शरम वाटायला पाहिजे होती, पण खरं सांगतो, छाती भरून यायची. असं काम माझ्या हातून त्याच्या आधी झालं नव्हतं.

लोकही बघायला यायला लागले. चेअरमन तर पाणी बघून हरखून गेले. म्हणाले, "मिस्त्री, गावात पाण्याची बोंब आणि तुमचा हौद हलायला तयार न्हाई. चिखल काढून टाकू, टाइल्स लावू, मध्ये कारंजं, कारंज्यात सिमेंटचा हंस." पाडव्याच्या दिवशी माझा सत्कार ठरला आणि काळ्या ग्रॅनाइटचा दगड कोरायला गेला. दगडावर माझं नाव.

हे समजून घ्या. मी मंत्र्यांच्या नावाचे दगड बसवले, आमदारांचे बसवले, देणगी देणाऱ्यांचे, त्यांच्या आईबापाचे बसवले. ओळंबा धरून सरळ बसवले. माझ्या नावाचा दगड मी कुठं बघितला नव्हता. तो घरी दाखवायला आणला तेव्हा मी सगळी अक्षरं बोटानं चाचपून बघितली. खोल कोरली होती, पन्नास पावसाळे जाणार नाहीत अशी.

अप्पांचं मात्र वेगळंच चाललं होतं. ते रोज काठी घेऊन कडेला बसायचे, काठी पाण्यात घालायचे, काढायचे, ओल्या खुणेकडं बघायचे. ग्रुपवर फोटो टाकणं त्यांनी बंद केलं. एक दिवस मला म्हणाले, "मिस्त्री, हितं मुरूम हाय, मी स्वतः बघितलाय. मुरूम पाणी पितोच. मग हा कामून पीत न्हाई?"

मी म्हटलं, "जमीन हाय अप्पा, तिची मर्जी."

"मर्जी न्हाई. माझंच चुकलं. मला जमीन वळखू येत न्हाई." मग काठी परत पाण्यात घातली आणि म्हणाले, "हे एवढं पायाखालचं चुकलं, तर त्या तीस वर्षांत मी कितीजणांना चुकीचं इल्ला म्हणालो असन?"

मी तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. मी तंबाखू मळत बसलो.

तर हा माणूस माफी मागत फिरायला लागला. घरातून जुन्या डायऱ्या काढल्या. ज्याला ज्याला इल्ला म्हणाले होते त्याच्या गावी एसटीनं जायचं, बांधावर हात जोडून उभं राहायचं आणि म्हणायचं, माझा काही भरवसा नाही, तुम्ही तुमच्या मनानं ठरवा. औश्याला एका घरी, ज्याला इल्ला म्हणाले होते तो मरून गेलेला, तर त्याच्या फोटोपुढं माफी मागून आले. देगलूरला एकानं ऐकून घेतलं, जेवू घातलं आणि अजून एकदा या म्हणाला. लोकांना वाटलं म्हातारा फिरला. पण कुणी काही करत नव्हतं, नुसतं ऐकून घ्यायचे. मीही मनाला तेच सांगत होतो.

पाडव्याच्या सकाळी मी फेटा बांधून घेत होतो, तेव्हा अक्का आल्या.

"मिस्त्री, आप्पांनी चाकूरच्या एका मानसाला सांगितलं म्हणं, की माझं चुकलं आसंल, तुमच्यात पाणी आसंल बी. आन त्या मानसानं बोअरची मशीन बोलावली. दोन दिवसांनी येणार हाय. आप्पा रातभर येरझारा घालून राहिले. म्हणायलेत, पाणी न्हाई लागलं तर मी त्याला तोंड कसं दावू, आन लागलं तर सोताला कसं दावू."

फेटा अर्धा बांधलेला तसाच राहिला. अक्का म्हणाल्या, "काय झालं?" मी म्हटलं, "काही न्हाई, फेट्याचा शेव निसटला."

हौदाच्या कडेला मंडप होता, माइक होता, पन्नास-साठ माणसं होती. चेअरमननं शाल घातली, नारळ दिला, दगडावरचा कपडा काढला. म्हणाले, "मिस्त्री, दोन शब्द." अप्पा मागं हौदाच्या काठावर काठी घेऊन उभे होते, माझ्याकडं पाठ करून.

मला भाषण येत नाही. माइक धरला आणि म्हटलं, "अप्पा, तुमचा मुरूम पाणी पितो. तुमचं काही चुकलं न्हाई. खाली चार इंच कोबा हाय. तुम्ही हैदराबादला होता तवा मी टाकला."

माइकनं शिट्टी मारली. मग चेअरमननं माझ्या हातातून माइक घेतला आणि म्हणाले, "बघा, चार इंच कोबा, ह्याला म्हणतात पक्कं काम, जोरात टाळ्या." आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काकांनी तर उभं राहून वाजवल्या. मी कबुली दिली आणि लोकांनी ती कौतुक म्हणून घेतली. मला परत माइक मागून घ्यावा लागला. म्हटलं, "टाळ्या बंद करा. मी अप्पांना फसवलंय. त्यांना गळका पाहिजे होता, मी तो गळू दिला न्हाई." तेव्हा कुठं टाळ्या थांबल्या, तरी मागं दोघं वाजवतच होते.

अप्पा सावकाश चालत पुढं आले. "किती इंच म्हणालाव?"

"चार."

"वॉटरप्रूफिंग?"

"डबल."

त्यांनी काठी माझ्या पायाजवळ टेकवली. मग म्हणाले, "मिस्त्री, नोकरीत मी कितीतरी तलावांवर सही केली. पाणी ऱ्हावं म्हणून बांधलेले. सगळे गळाले. आयुष्यात एकच गळावा म्हणून केला, तर तो तुम्ही गळू दिला न्हाई. त्या तलावांवर कुठं गेला होता तुम्ही?"

"मला बोलावलं न्हाई कुणी," मी म्हटलं. ते खरंच होतं.

"आता फोडा," अप्पा म्हणाले.

चेअरमनचा चेहरा उतरला. "अप्पा, पाडव्याच्या दिवशी भरला हौद फोडायचा? लातुरात? लोक शेण घालतील तोंडात."

लोकांतही कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं म्हातारे दोघंही फिरले. मी शाल नीट केली आणि म्हटलं, "मी बांधलाय, मी फोडणार. ज्याला पाणी पाहिजे त्यानं घेऊन जावं."

चेअरमन म्हणाले, "शाल तरी काढून ठेवा मग." मी काढली नाही. शाल मला कामाबद्दल मिळाली होती, आणि काम पक्कंच होतं.

दुपारपर्यंत बादल्या, घागरी, जार, लहान मुलांचे टब, जे मिळेल ते घेऊन कॉलनी पाणी भरत होती. कुणी गाड्या धुतल्या, कुणी नुसतंच भरून ठेवलं. मग आम्ही चौघांनी एका बाजूचा चिखल आणि खडी ओढली, कापड दुमडलं आणि मी पहार घातली. पहार उडून परत आली. हातोडा-छन्नी लावली, छन्नीचं तोंड गेलं. संध्याकाळपर्यंत कोब्याला नखभर खड्डा पडला. काका म्हणाले, "मिस्त्री, तुम्हालाच फुटंना होय." मी रागानं बघितलं, पण आतून बरं वाटलं ते कशाला लपवू. दुसऱ्या दिवशी मशीन भाड्यानं आणून हातभर अंतरावर आरपार भोकं पाडली. पहिलं भोक पडलं तेव्हा खाली राहिलेलं पाणी गुळगुळ करत गेलं. मी दुसरीकडं बघत होतो. अप्पांनी भोकावर तळहात ठेवला आणि म्हणाले, "पिऊन राहिलाय. मुरूमच हाय." त्यांच्या अंगात एकदम पहिल्यासारखं बळ आलं. लगेच ग्रुपवर फोटो टाकला, भोकाचा. खाली शरणार्थ.

तिसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, "चला चाकूरला. त्या माणसाला थांबवायचंय. माझा इल्ला बरोबर होता. तुम्ही साक्षीला चला, कोब्याचं तुम्ही सांगा."

फोन लावला तर लागत नव्हता. एसटीत अप्पा सगळ्या वाटेनं मला सांगत होते, की त्या शेतात खाली अखंड काळा पाषाण आहे, कसं ते, त्यांनी कसं ओळखलं ते. एकेका खडकाचं नाव घेत होते, जसं कुणी पोरीच्या सासरच्या माणसांची घेतं. तीस वर्षांची नोकरी त्यांना परत मिळाली होती. मी हुं हुं करत होतो. माझा हौद गेला होता, दगड चेअरमननं उलटा करून मंडपामागं टाकला होता, पण हा माणूस परत नीट बोलायला लागला, मग ठीक आहे, असं मी मनाची समजूत घालत होतो.

शेताच्या वाटेला लागलो तेव्हाच मशीनचा आवाज ऐकू आला. अप्पा पळायला लागले. सत्तरीच्या पुढचा माणूस, ढेकळातून, हात वर करून, "इल्ला, इल्ला," असं ओरडत. मी मागं.

आणि आम्ही बांधावर पोचलो, तेव्हाच बोअरमधून पाणी उडालं. झाडाच्या उंचीचं. पांढरा गाळ, मग गढूळ, मग पाणी. पोरंबाळं त्याच्यात नाचायला लागली. तो शेतकरी पळत आला आणि चिखलातच अप्पांच्या पायावर डोकं ठेवलं. म्हणाला, "अप्पा, तुमच्या शब्दावर घेतलं बघा. तुम्ही येऊन सांगितलं नसतं तर मी जन्मात घेतलं नसतं."

अप्पांचे हात वर तसेच होते. मला वाटलं, आता हा माणूस खाली बसतो. मी त्यांच्या दंडाला धरलं. त्यांनी हात सोडवून घेतला, पाण्याखाली गेले, ओंजळीत घेतलं, चाखलं. केसांवरून गाळ ओघळत होता. मग माझ्याजवळ आले आणि कानात म्हणाले, "मिस्त्री, हितं मी चुकलो होतो बरं का. तीस वर्षांमागं. तुमच्या कोब्यामुळं न्हाई, माझा मी चुकलो. ह्याच्यात तुमचा काही हात न्हाई." आणि हसायला लागले. दात नसलेल्या बाजूनं, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर.

मला राग आला. खोटं कशाला सांगू. परतीच्या गाडीत आम्ही दोघं गाळानं पांढरे, कुणी शेजारी बसेना, आणि हे अजून हसतच होते. मी म्हटलं, "अप्पा, मी तुमच्या इल्लापायी भर सभेत इज्जत घालवली, हौद फोडला, दगड घालवला. आणि तुमचा इल्लाच चुकीचा निघाला. मग माझं काय चुकलं होतं? माझा हौद तर एक थेंब गळत नव्हता."

"हाव मिस्त्री," अप्पा म्हणाले, "तेच तर चुकलं."

ते मला तेव्हा पटलं नाही आणि आजही पटलेलं नाही. अप्पांना जाऊन दोन पावसाळे झाले. बाग आहे. फिरून आणून लावलेलं वेखंड कमरेएवढं वाढलंय, अळूची पानं अक्का वडीला नेतात, चेअरमन पाहुण्यांना आणून दाखवतात. मी दर रविवारी जातो आणि काठी घालून बघतो. पाणी वर आलेलं दिसलं तर समजायचं भोक गाळानं बुजलंय. मग सळई घेतो, खाली उतरतो, आणि मोकळं करून येतो.